विद्यार्थ्यांसाठी सॉफ्टवेअर: सवलती मिळवण्याची रीत आणि क्रॅकचा हिशेब

अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा वाणिज्य शाखेचे पहिले सत्र सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लिंक हमखास येते. तिच्यात एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरचा सेटअप असतो, सोबत ‘क्रॅक’ नावाचा, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडणाऱ्या फाइलींचा, फोल्डर असतो आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. लिंक पाठवणारा सीनियर मदतीच्या भावनेनेच ती पाठवतो. त्यातली बरीच सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना अधिकृतपणे फुकट मिळतात, हे मात्र त्यालाही कोणी सांगितलेले नसते. ही सॉफ्टवेअर कशी मिळवायची, अर्ज कोठे अडतात, अटींमध्ये काय पाहायचे आणि जेथे सवलतच नाही तेथे कोणता मार्ग धरायचा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. पायरसीच्या, म्हणजे परवान्याशिवाय नकला वापरण्याच्या, नैतिकतेचा प्रश्नही याच ओघात येतो, कारण सवलत आणि पायरसी या गोष्टी वाटतात तितक्या एकमेकींपासून लांब नाहीत. विद्यार्थ्याच्या हाताला सवय कोणत्या सॉफ्टवेअरची लागते, हा व्यवहार दोन्हींच्या मुळाशी आहे.

आधी गरज तपासा

अभ्यासक्रमात पुष्कळदा विषय दिलेला असतो, विशिष्ट कंपनीचे उत्पादन नव्हे. ‘संख्यात्मक पद्धतींची प्रात्यक्षिके’ एवढेच छापलेले असते आणि प्रयोगशाळेच्या पुस्तिकेत मॅटलॅब हे गणिती आकडेमोडीचे विकतचे सॉफ्टवेअर आलेले असते, ते आधीच्या शिक्षकांना तेच येत होते म्हणून. त्यामुळे पहिले काम म्हणजे विषयाच्या शिक्षकांना विचारणे: हेच प्रात्यक्षिक जीएनयू ऑक्टेव्ह, सायलॅब किंवा पायथन या फुकट साधनांमध्ये करून दिले तर चालेल का? ऑक्टेव्हची भाषा मॅटलॅबशी इतकी जुळती आहे की पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतले बहुतेक प्रोग्राम किरकोळ बदलांनी त्यात चालतात.

दुसरे काम म्हणजे महाविद्यालयाकडे परवाना आहे का, हे शोधणे. हा प्रश्न विभागप्रमुखांपेक्षा प्रयोगशाळा सहायकाला विचारलेला बरा, कारण कोणत्या संगणकावर काय बसवले आहे आणि त्याची मुदत कधी संपते हे त्यालाच नेमके ठाऊक असते. मॅटलॅबसारख्या सॉफ्टवेअरचे परवाने काही संस्था संपूर्ण संस्थेसाठी घेतात आणि अशा परवान्यात विद्यार्थ्याला स्वतःच्या लॅपटॉपवरही ते बसवता येते. पैसे आधीच भरलेले असतात आणि विद्यार्थ्यांपर्यंत त्याची वार्ता पोहोचलेली नसते, असे होत असते. मायक्रोसॉफ्टचेही तसेच आहे. महाविद्यालयाने त्यांच्या शैक्षणिक योजनेत नोंदणी केलेली असेल, तर महाविद्यालयाच्या ईमेलवर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट यांच्या ऑनलाइन आवृत्त्या आणि साठवणुकीची जागा विनामूल्य मिळते. नोंदणी नसली तरी साध्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर ब्राउझरमधले वर्ड कोणालाही फुकट वापरता येते, आणि प्रकल्प अहवाल टंकण्यापुरते ते पुरेसे आहे.

कोणाला काय मिळते

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची चैन आहे, असे म्हटले तरी चालेल. प्रोग्राम साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबचा ‘स्टुडंट डेव्हलपर पॅक’ २०१४ पासून सुरू आहे. वय किमान १३ वर्षे आणि पदवी किंवा पदविका देणाऱ्या संस्थेत प्रवेश एवढी पात्रता असली की त्यात अनेक कंपन्यांच्या सेवा एकत्र मिळतात. जेटब्रेन्स ही कंपनी प्रोग्राम लिहिण्याची आपली सगळी संपादन-साधने विद्यार्थ्यांना एका वर्षाच्या परवान्यावर फुकट देते, विद्यार्थी असेपर्यंत दर वर्षी त्याचे नूतनीकरण होते आणि पदवीनंतर खरेदीवर सवलतही मिळते. मायक्रोसॉफ्टच्या ‘अझूर फॉर स्टुडंट्स’मध्ये इंटरनेटवरचे संगणक वापरण्यासाठी १०० डॉलरचे क्रेडिट मिळते आणि त्यासाठी क्रेडिट कार्ड लागत नाही. आपल्याकडे बहुसंख्य विद्यार्थ्यांजवळ क्रेडिट कार्ड नसते, म्हणून ही बाब महत्त्वाची आहे. प्रोग्राम लिहिण्याच्या व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती तर विद्यार्थी असल्याचा पुरावाही मागत नाही.

स्थापत्य, यंत्र आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांमध्ये क्रॅकचा प्रसार सर्वाधिक दिसतो, आणि गंमत अशी की ज्या ऑटोकॅडचा क्रॅक सर्वाधिक फिरतो ते ऑटोकॅड त्यांना अधिकृतपणे फुकट आहे. ऑटोडेस्क आपली ऑटोकॅड, रेव्हिट, फ्यूजन आणि इतर उत्पादने पात्र विद्यार्थ्यांना व शिक्षकांना एका वर्षासाठी देते आणि पात्रता पुन्हा तपासून मुदत वाढवते. पूर्वी विद्यार्थी आवृत्तीतून काढलेल्या नकाशावर शैक्षणिक वापराचा शिक्का छापला जाई. तो प्रकार आता बंद झाला आहे, तरीही ‘विद्यार्थी आवृत्ती नको, शिक्का येतो’ हा सल्ला सीनियरांकडून ज्युनियरांकडे जातच राहिला आहे. इमारतींच्या सांगाड्याचे गणित करणाऱ्या स्टॅड प्रोसाठी ते बनवणाऱ्या बेंटली कंपनीचा शैक्षणिक कार्यक्रम आहे. यंत्रभागांवरील ताण, उष्णता यांचे गणित करणाऱ्या ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्ती कोणालाही उतरवून घेता येते. तिच्यात सोडवता येणाऱ्या प्रश्नाच्या आकारावर मर्यादा आहे, पण अभ्यासक्रमातील उदाहरणे त्या मर्यादेत बसतात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी टॅलीसाठी काहीही शोधायची गरज नाही. टॅली प्राइम उतरवून घेऊन ते शैक्षणिक पद्धतीने सुरू केले, की परवान्याशिवाय चालते. फक्त व्हाउचरच्या नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच करता येतात. सरावासाठी सगळ्या नोंदी या तारखांना टाकल्या तरी ताळेबंद तोच शिकायचा असतो. अनेक क्लासवाले हीच आवृत्ती वापरून शिकवतात आणि ते पूर्णपणे रीतसर आहे.

चित्रकला, जाहिरातकला आणि छपाईकडे जाणाऱ्यांसाठी मात्र परिस्थिती अवघड आहे. ॲडोबीची साधने विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतात, फुकट नव्हे, आणि पहिल्या वर्षानंतर दर वाढतो. ॲप आणि वेबसाइटच्या पडद्यांची रचना करण्याचे फिग्मा पडताळणीनंतर विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप ही मुक्त, म्हणजे कोणीही वापरावी आणि सुधारावी अशा खुल्या परवान्याची, सॉफ्टवेअर आहेत आणि डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत चित्रफितीच्या संपादनाचे जवळजवळ सगळे काम होते. गिम्प हे मुक्त सॉफ्टवेअर फोटोशॉपला पूर्ण पर्याय आहे असे सांगणारे लोक मला भाबडे वाटतात, कारण छपाईसाठी रंग वेगळे करण्याच्या कामात त्याची अडचण होतेच. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लेयर, मास्क आणि कर्व्ह शिकायचे असतात, आणि ते शिकण्यासाठी त्यात काहीच उणे नाही.

अर्ज कसा करावा आणि तो कोठे अडतो

सवलतीच्या अर्जात तीन गोष्टी तपासल्या जातात: तुमचे नाव, संस्थेचे नाव आणि तुम्ही सध्या तेथे शिकत आहात याचा दिनांकासह पुरावा. महाविद्यालयाने दिलेला ईमेल पत्ता असेल आणि तो ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ या अक्षरांनी संपत असेल, तर काम सोपे होते. ही नावे भारतात ‘अर्नेट’मार्फत शैक्षणिक संस्थांनाच मिळतात, त्यामुळे पडताळणी करणाऱ्या यंत्रणा त्यांवर विश्वास ठेवतात. महाविद्यालयाचा ईमेल ‘डॉट कॉम’वर असेल किंवा मिळालाच नसेल, तर कागदपत्रे चढवावी लागतात, आणि आपल्याकडचे बहुतेक अर्ज येथेच अडकतात.

पहिली अडचण नावाची. महाराष्ट्रातील गुणपत्रिकांवर आणि अनेक ओळखपत्रांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि कधी आईचेही नाव छापलेले असते. अर्जात मात्र पहिले नाव आणि आडनाव अशा दोनच चौकटी असतात. अशा वेळी कागदावर जी अक्षरे आहेत तीच अर्जात ठेवावीत: पहिल्या चौकटीत स्वतःचे नाव, दुसरीत आडनाव, आणि इंग्रजी स्पेलिंग ओळखपत्राप्रमाणे. ओळखपत्रावर एक स्पेलिंग आणि खात्यावर दुसरे असले की अर्ज फेटाळला जातो. अर्ज करण्याआधी त्या सेवेच्या खात्यातील नाव बदलून घेतले तर हा त्रास टळतो.

दुसरी अडचण ओळखपत्राची. पुष्कळ महाविद्यालयांच्या ओळखपत्रांवर शैक्षणिक वर्षच नसते, किंवा ते मागच्या बाजूला असते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे देण्याची सोय असेल तर दोन्ही द्यावीत. नसेल, तर बोनाफाईड प्रमाणपत्र हा सर्वांत खात्रीचा कागद आहे. ते इंग्रजीत मागून घ्यावे. त्यावर महाविद्यालयाचे पूर्ण नाव, तुमचे पूर्ण नाव, अभ्यासक्रम, चालू शैक्षणिक वर्ष, दिनांक, शिक्का आणि सही असावी. ‘कशासाठी हवे’ या रकान्यात शैक्षणिक सॉफ्टवेअरची पडताळणी असे लिहिले तर कार्यालयाला त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. चालू वर्षाची शुल्क पावतीही अनेक ठिकाणी चालते. मराठीतील कागद पडताळणाऱ्या यंत्रणेला वाचता येईलच याचा भरवसा धरू नये.

तिसरी अडचण संस्थेच्या यादीची. अर्जातील यादीत तुमचे महाविद्यालय सापडले नाही, तर विद्यापीठाचे नाव निवडण्याचा मोह होतो. कागदावर एका महाविद्यालयाचे नाव आणि अर्जात विद्यापीठाचे नाव असे झाले की नकार ठरलेलाच. यादीत लघुरूप, जुने नाव, शिक्षण संस्थेचे नाव अशा वेगवेगळ्या तऱ्हांनी शोधून पाहावे, आणि खरोखरच नसेल तर संस्था जोडण्याची विनंती करण्याची सोय वापरावी. अशी विनंती विभागातील एखाद्या शिक्षकाने केली तर तिला अधिक वजन येते आणि पुढच्या तुकड्यांचेही काम होते.

छायाचित्र नैसर्गिक उजेडात, चारही कोपरे दिसतील असे काढावे. लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले की अक्षरे पुसट होतात. काही सेवा ठिकाणाची माहितीही पाहतात, तेव्हा व्हीपीएन (इंटरनेटवर आपले ठिकाण लपवणारी सोय) बंद ठेवावे. आणि आधार कार्ड मात्र देऊ नये. त्याने तुमची ओळख सिद्ध होते, तुम्ही विद्यार्थी असल्याचे सिद्ध होत नाही. त्यामुळे ते दिल्याने उपयोग शून्य आणि जोखीम मात्र खरी. अन्य कारणासाठी कोणी मागितलेच, तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार वापरावे.

अर्ज फेटाळला गेला तर लगेच तोच कागद पुन्हा चढवण्यात अर्थ नाही. नकाराच्या ईमेलमध्ये कारण दिलेले असते; ते वाचून कागद बदलावा. वारंवार तेच पाठवल्यास काही यंत्रणा पुढचे प्रयत्न काही काळ थांबवतात.

अटी वाचताना

परवान्याचा मजकूर लांबलचक असतो आणि तो पूर्ण वाचणारा विद्यार्थी विरळाच. चार गोष्टी मात्र शोधून काढाव्यात: मुदत किती आहे, किती उपकरणांवर बसवता येते, वापर कशासाठी करता येतो आणि शिक्षण संपल्यावर काय होते. यांतली तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. ऑटोडेस्क आणि जेटब्रेन्स यांचे शैक्षणिक परवाने शिकण्या-शिकवण्यासाठी आहेत. आर्किटेक्टच्या कार्यालयात इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थिनीने स्वतःच्या शैक्षणिक परवान्यावर कार्यालयाच्या ग्राहकाचा आराखडा काढला, तर परवाना खरा असूनही वापर नियमबाह्य ठरतो. कार्यालय म्हणते, ‘तुझा लॅपटॉप घेऊन ये, त्यावर आहेच ना ऑटोकॅड.’ यामागे पुष्कळदा एक परवाना वाचवण्याचा हिशेब असतो. अशा वेळी इंटर्नशिप स्वीकारण्याआधीच ‘काम करायला कार्यालयाचा संगणक मिळेल का’ असे सरळ विचारावे. हा प्रश्न उद्धट नाही आणि त्यात आरोपही नाही. ओळखीच्यांसाठी पैसे घेऊन लोगो करणे किंवा दुकानाची वेबसाइट बनवणे हेही व्यापारी कामच आहे. त्यासाठी परवान्याची अट तपासावी, किंवा व्यापारी वापराला मोकळे असलेले मुक्त सॉफ्टवेअर वापरावे.

पैसे भरण्यापूर्वी

जाहिरातीतील दरावर १८ टक्के जीएसटी लागतो की तो दरात धरलेला आहे, हे पाहावे. १,००० रुपयांची वर्गणी प्रत्यक्षात १,१८० रुपयांची ठरू शकते. डॉलरमध्ये आकारणी होत असेल तर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क वेगळे, आणि डेबिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात.

‘दरमहा एवढे रुपये’ या शब्दांमागे वर्षाचा करार दडलेला असू शकतो. ॲडोबीच्या या प्रकारच्या योजनेत वर्ष संपण्याआधी वर्गणी बंद केली तर उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम शुल्क म्हणून आकारली जाते, आणि हे शुल्क ग्राहकापासून झाकून ठेवले जाते असा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये कंपनीवर दावा दाखल केला. म्हणून दराच्या चौकटीखालचा बारीक मजकूर वाचून मगच बटण दाबावे. फुकट चाचणीसाठी कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागणाऱ्या योजनांना होकार दिलात, तर त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये मुदत संपण्याच्या तीन दिवस आधीची आठवण लावावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आवर्ती रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती येतेही, पण ज्या इनबॉक्समध्ये ती येते तो आपण उघडत नाही. यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापण्याची दिलेली परवानगी, रद्द करता येते. मात्र मँडेट रद्द केले म्हणजे करार संपला असे नव्हे. वर्गणी त्या सेवेच्या खात्यातूनही बंद करावी.

ऑनलाइन बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या विंडोज आणि ऑफिसच्या ‘ओरिजिनल की’ घेऊ नयेत. अशी की बहुधा एखाद्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या सामूहिक परवान्यातून फुटलेली असते. ती चालते तोवर चालते, आणि पैसे देऊनही तुमच्याकडे परवाना येत नाही.

कायदा काय म्हणतो

भारताच्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात संगणक प्रोग्रामची गणना साहित्यकृतींमध्ये केलेली आहे. कायद्याच्या नजरेत ऑटोकॅड आणि कवितासंग्रह एकाच वर्गात बसतात. कलम ६३ब अन्वये प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर लाभासाठी किंवा व्यवसायात केलेला नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कारावास वगळू शकते आणि ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरतो. उलट बाजूने, रीतसर मिळवलेल्या प्रोग्रामची सुरक्षिततेसाठी प्रत काढून ठेवण्याची मुभा कलम ५२ देते.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या फोटोकॉपी निकालाचा दाखला देऊन ‘शिक्षणासाठी सगळे चालते’ असे म्हणणारे भेटतात. तो निकाल विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भाग एकत्र करून दिल्याबद्दलचा होता. त्यातून कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर घरी बसवायची मोकळीक निघत नाही. वसतिगृहाच्या खोलीत पोलीस येतील अशी भीती मी घालणार नाही, कारण कंपन्यांच्या नोटिसा मुख्यतः व्यावसायिक कार्यालयांना जातात. परंतु तेच विद्यार्थी दोन-तीन वर्षांत त्या कार्यालयांत बसलेले असतात, आणि संगणकावर क्रॅक बसवणारा हात त्यांचाच असतो.

नैतिकतेचा प्रश्न

पायरसीच्या बाजूने दिले जाणारे युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. प्रत काढल्याने मूळ मालकाकडची वस्तू कमी होत नाही, हे खरे आहे. म्हणूनच पाकीटमारीशी केलेली बरोबरी विद्यार्थ्यांना पटत नाही. ‘मी हे विकत घेणारच नव्हतो, मग कंपनीचे नुकसान कसले’ हेही अनेकांच्या बाबतीत खरे असते. अमेरिकेतल्या पगाराच्या हिशेबाने ठरलेली किंमत जालना किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला परवडत नाही, यात त्याचा दोष नाही. आणि ज्या महाविद्यालयाने एखादे सॉफ्टवेअर प्रात्यक्षिकात सक्तीचे केले, त्याचा परवाना घेतला नाही आणि ‘घरी करून आणा’ असे सांगितले, त्या महाविद्यालयाचा दोष विद्यार्थ्यापेक्षा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही हा युक्तिवाद एका ठिकाणी कोसळतो, आणि ते ठिकाण म्हणजे नुकसान नेमके कोणाचे होते हा प्रश्न. बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना उद्देशून खुले पत्र लिहून, तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, अशी तक्रार केली होती. त्याच गेट्स यांनी १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना, लोक चोरणारच असतील तर आमचेच चोरावे, म्हणजे त्यांना त्याची सवय लागेल आणि वसुलीचे नंतर पाहता येईल, अशा आशयाचे विधान केले. विद्यार्थी सवलतीमागचा हिशेब याहून फारसा वेगळा नाही. कंपनी विद्यार्थ्याला फुकट देते, कारण उद्या त्याचे कार्यालय ते विकत घेईल. क्रॅक वापरणारा विद्यार्थी हाच हिशेब कंपनीसाठी आणखी स्वस्तात पार पाडतो: पडताळणीचा खर्चही नाही, आणि सवय मात्र लागतेच.

मग तोटा होतो तो दुसऱ्या रांगेतल्यांचा. हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर फुकट मिळत असेल, तर त्याच्या दहाव्या हिश्शात मिळणाऱ्या छोट्या कंपनीच्या पर्यायाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? आणि मुक्त सॉफ्टवेअर शिकण्याची तसदी तरी कोण घेणार? मुक्त पर्याय वापरणाऱ्यांच्या तक्रारींतून, सुधारणांतून आणि देणग्यांतून वाढतात. ब्लेंडरचेच पाहा: २००२ मध्ये वापरणाऱ्यांनी एक लाख युरो जमवून त्याचा स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्रामचा मजकूर, खुला करून घेतला, म्हणून आज ते कोणालाही फुकट मिळते. क्रॅकच्या सवयीने अशा साधनांची माणसेच तुटतात.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. सॉफ्टवेअर म्हणजे कॅलिफोर्नियातली श्रीमंत कंपनी, हे चित्र मराठी वाचकाने तरी पुरते खरे मानू नये. मराठी अक्षरजुळणीचे श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, क्विक हील हे अँटिव्हायरस पुण्याचेच. मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या आणि फाँटच्या नकला लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या दुकानांतून वर्षानुवर्षे फिरत आल्या आहेत, आणि फाँट हेही सॉफ्टवेअरच आहे ही गोष्ट तेथे कोणाच्या गावीही नसते. एवढ्या लहान बाजारात देवनागरी अक्षरांवर काम करणाऱ्याला प्रत्येक नकलेचा चटका बसतो. आज यातून सुटण्याचा चांगला मार्ग आहे: मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरे घडवणाऱ्या गटाने केलेले मुक्ता आणि बालू हे युनिकोड फाँट खुल्या परवान्यावर मिळतात आणि व्यापारी कामातही वापरता येतात.

सवलतींच्या बाबतीतही एक नैतिक बाजू आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. टेलिग्रामवर विकत मिळणारा परदेशी महाविद्यालयाचा ईमेल, बोनाफाईडवरचे वर्ष संगणकावर बदलणे, धाकट्या भावाच्या नावाने घेतलेला परवाना स्वतःच्या नोकरीत वापरणे, या गोष्टी क्रॅकपेक्षा सभ्य वाटतात. प्रत्यक्षात त्या मला अधिक वाईट वाटतात, कारण प्रमाणपत्रातला बदल ही सरळ बनावट आहे, आणि त्यामुळे पडताळणी कडक होते तेव्हा त्याचा जाच खऱ्या विद्यार्थ्याला होतो. सुस्पष्ट शिक्क्याचे बोनाफाईडही पुन्हा पुन्हा नाकारले जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.

सवलत नसेल तेव्हा

या टप्प्यावर मुंबईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ प्रकल्प पाहावा. केंद्र सरकारच्या साहाय्याने चाललेला हा प्रकल्प सायलॅब, पायथन, ई-सिम, ओपनफोम, डीडब्ल्यूसिम, क्यूजीआयएस अशा मुक्त साधनांचा महाविद्यालयांत प्रसार करतो. सायलॅबसाठी त्यांनी अनेक प्रमाणित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेल्या उदाहरणांचे प्रोग्राम विद्यार्थ्यांकडून लिहून घेऊन खुले केले आहेत. तुमचे पाठ्यपुस्तक त्यात असण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लहान लहान दृक्श्राव्य पाठ आहेत आणि त्यांतले बरेच मराठीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी व्हिडिओपेक्षा हे पाठ लवकर हाताशी येतात. लिब्रे ऑफिसही मराठी मेनूसह चालते. सांख्यिकीसाठी एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरच्या जागी आर किंवा जामोवी, आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, ही तडजोड राहिलेली नाही. संशोधनात ती साधने प्रतिष्ठित आहेत.

वर्गातील दहा-बारा जणांनी सही करून विभागाला एक पत्र दिले, की ‘अमुक प्रात्यक्षिकासाठी परवाना उपलब्ध करावा, किंवा मुक्त पर्यायात केलेले काम स्वीकारावे’, तर त्याचा उपयोग होतो. एकट्याने विचारलेला प्रश्न तक्रार वाटतो, पत्राला मात्र उत्तर द्यावे लागते.

क्रॅक आधीच बसवलेला असेल तर

क्रॅकमध्ये व्हायरस असतोच असे नाही, पण तो आहे की नाही हे ओळखण्याचा उपाय वापरणाऱ्याच्या हाती राहत नाही. मूळ प्रोग्राम बदलणारी फाइल पाहून अँटिव्हायरस ओरडतो. ती ओरड खरी की खोटी हे न पाहता आपण त्याला गप्प करतो आणि वर ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी देतो. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर सॉफ्टवेअर मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटर (परवान्याचे खोटे क्रमांक बनवणारे प्रोग्राम) यांतूनच पसरले, आणि त्याचे बळी प्रामुख्याने घरगुती वापरकर्ते आणि विद्यार्थी होते. ते फाइली कुलूपबंद करते आणि सोडवण्यासाठी पैसे मागते. दुसरा प्रकार याहून शांत असतो: ब्राउझरमधले पासवर्ड आणि चालू लॉगिन गुपचूप बाहेर पाठवले जातात.

म्हणून नुसते अनइन्स्टॉल करणे पुरेसे नाही. आधी स्वतःच्या कागदपत्रांची, आराखड्यांची आणि छायाचित्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. सेटअप आणि प्रोग्रामच्या फाइली घेऊ नयेत. मग विंडोज नव्याने बसवावे, आणि त्यासाठीची फाइल मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवावी. लॅपटॉपसोबत विंडोज आले असेल तर परवाना यंत्रातच नोंदलेला असतो आणि नव्याने बसवल्यावर बहुधा आपोआप लागू होतो. यानंतर ईमेल, बँक आणि समाजमाध्यमांचे पासवर्ड बदलावेत, ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. पासवर्ड बदलण्याचे काम स्वच्छ केलेल्या किंवा दुसऱ्याच उपकरणावरून करावे, नाहीतर नवा पासवर्डही त्याच वाटेने जातो.

शेवटच्या सत्रात

पदवीच्या शेवटच्या सत्रात, निकालाची वाट न पाहता, सवलतीत घेतलेल्या सर्व सेवांची यादी करावी. महाविद्यालयाचा ईमेल बंद होण्यापूर्वी गिटहब, फिग्मा यांसारख्या खात्यांवर वैयक्तिक ईमेल जोडून घ्यावा, कारण ईमेल गेला की पासवर्ड बदलण्याचा मार्गही जातो. महाविद्यालयाच्या खात्यातील ड्राइव्हमध्ये ठेवलेला प्रकल्प अहवाल आणि डेटा स्वतःकडे उतरवावा. आराखडे मूळ स्वरूपासोबत डीएक्सएफ आणि पीडीएफमध्ये, त्रिमितीय प्रतिमाने स्टेप स्वरूपात, मॅटलॅबचा डेटा सीएसव्हीमध्ये काढून ठेवावा, म्हणजे परवाना संपल्यावरही ते उघडता येतील. जेटब्रेन्सची पदवीनंतरची सवलत शैक्षणिक परवान्याशी जोडलेली असते, त्यामुळे ती घ्यायची की नाही हे परवाना चालू असतानाच ठरवावे. ऑटोपेची यादी पुन्हा एकदा उघडून पाहावी आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी कंपनीचा लॅपटॉप हाती आला, की त्यावर स्वतःच्या शैक्षणिक खात्याने कोठेही लॉगिन करू नये.